एक सम्राट, अठ्ठावीस खण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी २९ वर्षं क्वालिटीला आहे. आमच्याकडे ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू. कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात, कितव्या हीटचा धातू साच्यात पडला हे त्या चार-पाच अक्षरांवरून कळतं. दोन वर्षांनी चाकणला एखादं हाउसिंग, म्हणजे यंत्राच्या भागाचं ओतीव कवच, तडकलं की फोनवर पहिला प्रश्न तोच असतो, "हीट नंबर सांगा." मग रजिस्टर काढायचं, त्या दिवसाचं केमिकल बघायचं, शिफ्टला कोण होतं ते बघायचं. नंबर नसलेलं कास्टिंग आम्ही बाजूला काढून ठेवतो. त्याला आई ना बाप.

हे आधी सांगतोय, कारण २०११ साली पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात मी एक तांब्याचं नाणं हातात घेतलं आणि त्यावर मला हीट नंबर दिसला.

मी तिथे गेलो होतो शिवराई बघायला. एका टेबलावरच्या ट्रेमध्ये तपकिरी-काळं, जाडजूड, जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा बरंच मोठं असं एक नाणं पडलं होतं. हातात घेतल्यावर पहिल्यांदा वजन जाणवलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला, थेट समोर बघणारा माणूस, हातात क्रूस लावलेला गोल, खांद्याशी ढाल. दुसऱ्या बाजूला मधोमध इंग्रजी एमसारखं भलंमोठं अक्षर. त्याच्या डावीकडे वरून खाली चार अक्षरं, उजवीकडे एक फुली आणि तिच्याखाली तीन उभ्या रेघा. एमच्या दोन पायांच्या मध्ये एक लहान अक्षर आणि सगळ्यात खाली आणखी तीन.

विक्रेते वयस्कर होते, घाईत नव्हते. त्यांनी बोट ठेवून ठेवून सांगितलं. मधला एम म्हणजे ग्रीक अंकलेखनात ४०, म्हणजे ४० नुम्मींचं नाणं (नुम्मी हे तिथलं सगळ्यात लहान नाणं), त्याला फॉलिस म्हणतात. डावीकडे लिहिलंय "ॲनो", म्हणजे 'सालात'. उजवीकडे रोमन आकडा १३. खालची तीन अक्षरं कॉन्स्टँटिनोपलची, म्हणजे आजच्या इस्तंबूलची. "आणि पायांमधलं हे अक्षर वर्कशॉपचं."

"वर्कशॉपचं?"

"हो. टांकसाळीत तांब्यासाठी पाच वर्कशॉप होती. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. हे गॅमाचं, म्हणजे तिसऱ्याचं."

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. प्लँट, वर्ष, शेड नंबर. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आमच्याच पद्धतीने माल मार्क करून पाठवला होता. चार हजार रुपये मागितले, मी दिले. परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ते नाणं मुठीतच होतं.

तेव्हापासून मी जस्टिनियन पहिला या एकाच बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाची साल घातलेली मोठी तांब्याची नाणी जमवतोय. दुसरं काही घेत नाही.

जस्टिनियन एप्रिल ५२७मध्ये मामाबरोबर सहसम्राट झाला, ऑगस्टमध्ये मामा जस्टिन वारला आणि हा एकटा गादीवर राहिला, तो थेट १४ नोव्हेंबर ५६५पर्यंत. सुरुवातीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा बाजूने दिसतो आणि साल नसतं. ५३७ साली त्याने कायदा केला की सरकारी कागदपत्रांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं साल घातलंच पाहिजे. मग पुढच्याच वर्षी तांब्याच्या नाण्यांवरही साल आलं, चेहरा समोर वळला आणि नाण्याचा आकारही वाढला. ते साल होतं १२वं. तिथपासून तो गेला त्या ३९व्या सालापर्यंत मोजली तर अठ्ठावीस सालं होतात. आमच्या पॅटर्न शॉपमधल्या कारागिराने मला सागवानी ट्रे करून दिलाय, त्यात अठ्ठावीस गोल खण आहेत, ४४ मिलिमीटरचे. आज १९ भरलेत.

साल वाचायची युक्ती माझ्या मुलीने शोधली. ती तेव्हा सातवीत होती. म्हणाली, "बाबा, आकड्यात ५२६ मिळवायचे, झालं." १३ म्हणजे ५३९. शिवाय त्याचं साल आपल्या आर्थिक वर्षासारखं एप्रिल ते मार्च चालतं, त्यामुळे १३वं साल म्हणजे ५३९-४०. आम्ही फाउंड्रीत लिहितो तसंच मी वहीत लिहितो.

कोल्हापुरातले नाणी जमवणारे मित्र मला एक प्रश्न हमखास विचारतात. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत, पंचगंगेच्या काठावर, सातवाहन काळातली नाणी निघाली. विळिवायकुर, सिवलकुर अशी नावं असलेली, धनुष्यबाण कोरलेली शिशाची नाणी. ती सोडून हा लांबचा राजा कशाला? प्रश्न रास्त आहे. टाउन हॉलच्या संग्रहालयात मी शाळेपासून जातोय. १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीला सापडलेला तो लहानसा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, ओतीव कांशाचा, मी कितीदा बघितलाय याचा हिशेब नाही. समुद्र इथून घाट उतरून गेल्याशिवाय दिसत नाही आणि समुद्रदेव मात्र आमच्या गावात. रोमन जगाशी कोल्हापूरचा संबंध शोधायला मला लांब जावं लागत नाही. पण त्या कुर राजांच्या नाण्यांवर साल नाही. त्यांतला कोण आधी, कोण नंतर, कोण कुणाचा कोण लागतो, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. मला साल लागतं. साल असलं की एक नाणं दुसऱ्याशेजारी ठेवून काहीतरी विचारता येतं.

(जमिनीत सापडलेलं जुनं नाणं कुणी आणून दाखवलं तर मी हात लावत नाही. १८७८चा कायदा अजून आहे, असा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. मी घेतो ते देशातल्या विक्रेत्यांकडून, पावतीवर.)

तर शेजारी ठेवून काय विचारता येतं? पहिलं म्हणजे वजन. माझ्या वहीत प्रत्येक नाण्याला एक पान आहे, आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्याच नमुन्यात. साल, टांकसाळ, वर्कशॉप, वजन, व्यास दोन दिशांनी, जाडी तीन ठिकाणी. वजनं अशी आहेत : १२वं साल २३.४ ग्रॅम. १३वं २२.१. १५वं २१.३. १६व्याला एकदम १९.६. २०वं १८.९. २६वं १७.८. ३१वं १७.१. ३६वं १६.२. व्यासही ४२ मिलिमीटरवरून ३२वर येतो.

हा उतार पहिल्यांदा कागदावर काढला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "अहो, म्हणजे यांच्याकडेपण पैसे पुरत नव्हते." तिने जे एका वाक्यात सांगितलं, ते समजून घ्यायला मला पुढे दोन वर्षं वाचावं लागलं.

१२व्या सालात सगळं जोरात होतं. आफ्रिकेतलं कार्थेज ५३३मध्ये जिंकलं होतं. ५३२च्या जानेवारीत राजधानीत प्रचंड दंगल होऊन अर्धं शहर जळालं होतं, पण त्याच राखेवर हागिया सोफिया हे भव्य चर्च उभं राहिलं आणि २७ डिसेंबर ५३७ला त्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर काही महिन्यांतच हे जाडजूड नाणं आलं. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस, जो जस्टिनियनवर मनापासून चिडलेला होता, सांगतो की पूर्वी सोन्याच्या एका नाण्याला सराफ २१० फॉलिस द्यायचे, ते या सम्राटाने १८०वर आणले. तो याला लूट म्हणतो. मला यातली दुसरी बाजूही दिसते. तांब्याचं नाणं वजनदार केलं तर सोन्याच्या बदल्यात ते कमी द्यावं लागणार, हा साधा हिशेब आहे. बरेच अभ्यासक या दोन गोष्टी एकमेकींना जोडतात आणि माझी वजनकाट्यावरची नाणी हातात धरून वाचलं की ते पटतं.

मग १४वं साल, म्हणजे ५४०. इराणच्या खुस्रोने अँटिओक लुटलं. याच माणसाशी ५३२मध्ये ११,००० पौंड सोनं देऊन 'कायमची शांतता' विकत घेतली होती. ती आठ वर्षं टिकली. अँटिओकचं तर नावच बदललेलं होतं. ५२६ आणि ५२८च्या भूकंपांनी ते शहर मोडलं, म्हणून त्याला थेऊपोलिस, देवाचं नगर म्हणू लागले आणि नाण्यांवरही तेच नाव येतं. माझ्याकडे त्या टांकसाळीचं एकच नाणं आहे. ते हातात घेतलं की किल्लारीच्या वेळी टीव्हीवर बघितलेली घरं आठवतात.

आणि १६वं साल. ५४२च्या वसंतात कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्लेग शिरला. सम्राटालाही झाला, तो वाचला. गावात मुडदे पुरायला जागा उरली नव्हती. २०२०-२१ आपण सगळ्यांनी काढलंय, तेव्हा यावर मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की वहीत १५व्या आणि १६व्या सालाच्या मध्ये मी लाल पेनाने एक आडवी रेघ मारलीय. ती मी करोनाच्या दुसऱ्या लाटेत मारली.

इथे क्वालिटीवाला म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका नाण्याच्या वजनावरून कुठलाही निष्कर्ष काढू नये. ही नाणी एक-एक तोलून पाडलेली नाहीत. एका पौंड धातूत अमुक इतक्या चकत्या, असा हिशेब होता, त्यामुळे एक जड, एक हलकी हे ठरलेलंच. वर दीड हजार वर्षांची झीज आणि गंज. माझे १९ आकडे म्हणजे फार लहान नमुना आहे. पण मोठ्या संग्रहांवर काम करणाऱ्यांनीही १२व्या-१३व्या सालानंतरची हीच घसरण मांडलीय, म्हणून मी माझ्या रेघेवर विश्वास ठेवतो.

चेहऱ्याचं मात्र उलट आहे. १२व्या सालात जस्टिनियन साधारण ५६ वर्षांचा होता, ३६व्यात ८०चा. नाण्यावरचा माणूस तोच, तसाच, गोल गालांचा. मधल्या काळात २२व्या सालात, २८ जून ५४८ला, त्याची राणी थिओडोरा गेली. ३२व्या सालात हागिया सोफियाचा घुमट कोसळला, ३६व्यात पुन्हा उभा राहिला. चेहऱ्यावर काही नाही. थिओडोराला तर नाण्यावर जागाच मिळाली नाही. २२व्या सालाचा खण माझ्याकडे अजून रिकामा आहे आणि मला बाकी कुठल्याही सालापेक्षा ते हवंय.

आता माझ्या हातून झालेली चूक. १२वं साल महाग असतं, कारण ते पहिलं आणि सगळ्यात देखणं. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे ते ११,००० रुपयांना मिळत होतं. गर्दी होती, उजेड कमी होता, मागे आणखी दोघे हात पुढे करत होते. मी घेतलं. घरी येऊन दहापट भिंग लावलं आणि पाच मिनिटांत पोटात खड्डा पडला.

ते ओतलेलं होतं. ही नाणी ठोकलेली असतात : खाली एक ठसा, मध्ये चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. घाव बसला की धातू बाहेरच्या बाजूला वाहतो. अक्षरांच्या कडेला त्या वाहण्याच्या बारीक रेषा दिसतात, पावसात काचेवरून पाणी ओघळावं तशा. अक्षराचं मूळ, म्हणजे ते जमिनीतून वर येतं ती जागा, धारदार असते. माझ्या समोरच्या नाण्यावर अक्षरांची मुळं गोलसर होती, साबणाच्या वडीवरच्या नावासारखी. एमच्या उजव्या पायाशेजारी, सपाट जागेत, सुईच्या टोकाएवढी तीन छिद्रं होती. ती मी रोज बघतो. साच्यातला वायू बाहेर पडायला जागा नसली की पिनहोल येतात, त्यासाठी आम्ही रोज माल रिजेक्ट करतो. कडेवर कानशीचे ओरखडे, सगळे एकाच दिशेने, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यावर आलेली धातूची पात घासून काढली होती. फेटलिंग. वजन १९.२. जे काम करून मी पोट भरतो, नेमकं तेच माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि हावरेपणापायी मी ते बघितलं नाही. विक्रेत्याने चार महिन्यांनी नाणं परत घेतलं आणि पैसे अर्धेच दिले. तेव्हापासून मी भिंग आणि खिशातला वजनकाटा घेतल्याशिवाय प्रदर्शनात जात नाही, आणि पहिल्या दिवशी काहीही विकत घेत नाही. खरं १२वं साल त्यानंतर सहा वर्षांनी मिळालं.

साफसफाईबद्दल वाचणाऱ्यांना कळकळीने सांगतो, नाणं घासू नका. माझं आयुष्यातलं पहिलं नाणं एक शिवराई होती, तांब्याच्या मोडीच्या ढिगात सापडलेली, मिस्त्रींनी उचलून दिलेली. मी ती हौसेने देव्हाऱ्यात ठेवली आणि आईने शनिवारी देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून लख्ख केली. 'छत्र' गेलं, 'पति' राहिलं. आईचा काय दोष, तांबं असंच उजळतात. पण जुन्या नाण्याची अक्षरं बऱ्याचदा त्या वरच्या काळ्या-तपकिरी थरातच उरलेली असतात. थर गेला की अक्षरं गेली.

दुसरी भीती पाण्याची. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. आमचं घर शुक्रवार पेठेत. बायको, मुलगी, आई आणि कागदपत्रं घेऊन बहिणीकडे राजारामपुरीत गेलो, ट्रे माळ्यावर राहिला. पाणी माळ्यापर्यंत आलं नाही. पण आठ दिवस बंद घर, वीज नाही, भिंती ओल्या. परत आलो तेव्हा आधी चिखल काढला, धान्य फेकलं, गाद्या फेकल्या, शेजारच्या काकूंचं घर धुतलं. ट्रे उघडला तो पंधरा दिवसांनी. २०व्या सालाच्या नाण्यावर, सम्राटाच्या ढालीवर, फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी.

हा साधा हिरवा गंज नव्हे. नाण्यात शिरलेल्या क्षारांना दमटपणा मिळाला की आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच आम्ल. थांबवलं नाही तर नाण्याला खड्डे पडतात आणि तो रोग चालूच राहतो. मी टाचणीने भिंगाखाली भुकटी कोरून काढली. मग धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा मिसळलेल्या पाण्यात नाणं ठेवलं, पाणी दर आठवड्याला बदलत. त्यानंतर नुसतं डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीच्या दुकानात मिळतं. हे सगळं साडेतीन महिने चाललं. ढालीवरचा घोडेस्वार अर्धा गेला, बाकी वाचलं. आता ट्रे हवाबंद डब्यात असतो, सिलिका जेलच्या पुड्या जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये बदलतो. मऊ प्लास्टिकची पाकिटं फेकून दिली, तीही कालांतराने नाण्याला हिरवं करतात.

सोन्याकडे मी वळलो नाही, ऐपत नाही. जस्टिनियनचा सॉलिडस, म्हणजे सोन्याचं नाणं, साडेचार ग्रॅमचा, रोमन पौंडाला ७२. बायझंटाइन सोनं आपल्या बाजूला येत होतं. हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूरला अशा नाण्यांचा ठेवा निघालाय, इथून काही तासांवर. दक्षिणेत सापडलेल्या अशा पुष्कळ नाण्यांना वर दोन भोकं पाडलेली असतात, गळ्यात घालायला. मी गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफांना फोटो दाखवला. ते लगेच म्हणाले, "म्हणजे पुतळ्याच की." व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आपल्याकडे पुतळीहार आला, हे त्यांना माहीत होतं. त्याआधी सातआठशे वर्षं बायकांनी रोमचे राजे असेच गळ्यात घातले होते, हे ऐकून त्यांनी दुकानातल्या पोरांना बोलावून तो फोटो दाखवला.

तांब्याचा धागा मला त्याहून जवळचा वाटतो. जस्टिनियनच्याच काळात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने भारताच्या बंदरांबद्दल लिहिलंय. त्यात कल्लियाना नावाचं बंदर आहे. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. तिथून काय जायचं, तर तांबं-पितळ, लाकूड, कापड. माझ्या ट्रेमधल्या नाण्यांत कल्याणहून गेलेला एक कणही असेल असं मी म्हणत नाही. तपासायचं म्हटलं तर आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर आहे, पण तो धातूवर ठिणगी पाडतो, काळा डाग राहतो. पोरं म्हणतात, "साहेब, कडेवर मारू की एक स्पार्क." मी अजून मारू दिलेला नाही आणि देणार नाही.

गेल्या दिवाळीत आमचे मोल्डिंगचे जुने मिस्त्री फराळाला आले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, गडमुडशिंगीला असतात. ती शिवराई मोडीतून उचलून देणारे हेच. चकली बाजूला ठेवून, हात धोतराला पुसून त्यांनी ट्रे मांडीवर घेतला. मी सालं सांगत होतो, प्लेग, भूकंप, घुमट. ते ऐकत होते, पण बघत होते दुसरंच.

"साहेब, ही पायातली अक्षरं?"

"वर्कशॉप. पाच शेड होती असं समजा."

"म्हंजे एका शेडची माणसं ह्येच अक्षर मारणार."

"हो."

त्यांनी विचारलंही नाही. कॉन्स्टँटिनोपलची अकरा नाणी खणांतून उचलली आणि टीपॉयवर सालं मोडून अक्षरांप्रमाणे लावली. अल्फाची दोन, बीटाची दोन, गॅमाची पाच, डेल्टाचं एक, एप्सिलॉनचं एक. गॅमाची पाच ओळीने ठेवल्यावर त्यांनी चष्मा वर केला. १३वं साल, १५वं, २०वं, २६वं, ३१वं. मी त्या २६व्या सालाला तीन वर्षं २०वं समजत होतो, कारण दोन फुल्यांखालची सहासाठीची ग्रीक खूण झिजून धुळीसारखी दिसत होती. एका रात्री दिवा आडवा धरला तेव्हा ती उमटली. हे मी त्यांना सांगणार होतो, पण ते बोलायला लागले.

"हा पहिला घाव बगा. मधोमध. ह्यो दुसरापण. हा तिसरा जरा सरकलाय, पण दाब चांगलाय. आणि ह्या शेवटाला..." त्यांनी ३१व्या सालाचं नाणं उजेडात तिरपं धरलं. एमचा डावा पाय दोनदा उमटलाय, एक गडद, एक फिकट. पहिल्या घावाने नाणं उडालं आणि दुसरा घाव थोडा बाजूला बसला. "१३ ते ३१, म्हंजे किती झाली?"

"अठरा वर्षं."

"तोच माणूस असंल?"

मला सांगता आलं नाही. असू शकतो. आमच्याकडे मिस्त्री स्वतः चौतीस वर्षं एकाच शेडमध्ये होते.

ते गेल्यावर मी नाणी परत खणांत लावायला घेतली. तेरा उचललं, पंधरा उचललं आणि थांबलो. मुलीने विचारलं, "बाबा, सालाने नाही लावायची?" त्या रात्री ती तशीच टीपॉयवर राहिली, वर परात पालथी घालून. आता वहीत मागच्या बाजूने पाच नवी पानं केलीत, एकेका अक्षराला एक. डेल्टाच्या पानावर एकच ओळ आहे. पुढच्या प्रदर्शनात नाणं हातात आलं की मी साल नंतर बघणार, आधी पायांमध्ये बघणार. २२व्या सालाचं डेल्टा मिळालं तर दोन्हीकडे नोंद होईल.